चिनी वाडग्यातली पेज

फार पूर्वी समुद्रकाठच्या शूर्पारक नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सागरव्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव भद्रसेन. वयात आल्यावर त्याने वडिलांची गलबते सांभाळली आणि उत्पला नावाच्या कुलवंत मुलीशी त्याचे लग्न झाले. उत्पला हाताची सढळ, व्रतवैकल्ये मनोभावे करणारी, स्वयंपाकात सुगरण. पण राग! दूध उतू जावे तसा तो यायचा, आणि उतू गेलेले दूध काही परत पातेल्यात जात नाही.

एका वर्षी भद्रसेनाचे गलबत चीन देशाहून परतले. भाताच्या पेंढ्यात जपून आणलेल्या पेट्या ओसरीवर उघडल्या, तेव्हा सगळी आळी लोटली. वाडगे, ताटल्या, झाकणाचे सट, आखूड दांड्याचे चमचे, सारे चिनी मातीचे. रंग कोवळ्या खोबऱ्याचा. काठाला निळी वेल. वाडगा उन्हात धरला तर पलीकडच्या बोटांची सावली आरपार दिसे, आणि टिचकी मारली तर काशाच्या भांड्यासारखा नाद निघे. उत्पलेने एक वाडगा उचलून गालाला लावला, तो किती वेळ खाली ठेवीना.

भांडी आली, पण पेच पडला. तांब्यापितळेचे भांडे उष्टे झाले तर राखेने घासून शुद्ध होते. मातीचे तसे होत नाही, ते फोडायचे. मग ही कुठल्या जातीची? पुरोहित सोमदत्ताला विचारले. त्याने वाडगा उलटा करून पाहिला, नाकाशी नेला आणि सांगितले, "चकाकते म्हणून काय झाले? मूळ माती ती माती. एकदा जेवलात की फोडा."

दुसरी एखादी हिरमुसली असती. उत्पलेच्या मनात भलतेच आले. तिचे वर्षभराचे व्रत पुरे होत आले होते. उद्यापनाला नगरातल्या मानाच्या बायकांना याच भांड्यांत जेवू घालायचे आणि संध्याकाळी सगळ्यांदेखत ती फोडायची!

"एका जेवणापुरती चिनी भांडी!" ती नवऱ्याला म्हणाली. "नगरशेठाणीचे डोळे पांढरे होतील."

"भद्रे, ज्याने ही घडवली, त्याने फोडण्यासाठी घडवली नसतील."

"तुम्ही गलबतं बघा. स्वयंपाकघर मी बघते."

भद्रसेन हसला आणि गलबतांकडे निघाला.

उद्यापनाचा दिवस उजाडला. उत्पलेला आदल्या दिवसापासून कडक उपास. रीतीप्रमाणे सकाळीच घरातली जुनी मडकी-गाडगी फोडून उकिरड्यावर टाकली. चुलीवर पेज रटरटत होती, पाट मांडले होते, पाटांपुढे चिनी वाडगे. बायका येऊ लागल्या, आणि उत्पलेने कौतुकाने रांगेवर नजर फिरवली तर मधेच एक जागा रिकामी. तोंडातला दात पडावा तशी.

ती तडक स्वयंपाकघरात गेली. परसदाराशी तो वाडगा पडला होता. तळाशी पेज, काठाला भाताचे शीत. शेजारी दासी चंपा पदराचे टोक चावीत उभी.

"कोणी उष्टावला हा?"

चंपेने परसदाराकडे नुसते पाहिले.

"अगं, दातखीळ बसली का?"

"रस्ते झाडणारी म्हातारी पिंगा, बाई. उन्हानं भोवळ येऊन परसदारी पडली. अर्धी पेज प्याली, तेवढ्यात तुमची चाहूल लागली अन् वाडगा ठेवून मागं सरली."

"पेज दिलीस ते बरं केलंस. पण ह्यात? माझ्या वाडग्यात?"

"धातूचं भांडं तिला द्यायचं नाही, मातीचं द्यायचं, हे तुम्हीच शिकवलंत. गाडगी तर सकाळीच फोडली. गुरुजी म्हणाले, ही पण मातीच. अन् संध्याकाळी फोडायचीच होती ना, बाई..."

शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच उत्पलेच्या मस्तकात तिडीक गेली. खोटे बोलणाऱ्याचा राग येतो तो निवतो तरी. खरे बोलणाऱ्याचा राग फार वाईट. तिने चुलीतले पेटते लाकूड ओढले.

"मला शिकवतेस? ज्या हातानं दिलास तो हातच डागते! पुढे कर!"

आरडाओरडा ऐकून बायका दारात दाटल्या. त्यांच्या मागून सोमदत्त पुरोहित मान उंच करून म्हणाला, "झालं! एक विटाळला म्हणजे रांग विटाळली. वर्षाचं व्रत पाण्यात गेलं, श्रेष्ठिनी!"

आगीत तेल पडले. चंपेने डोळे मिटून हात पुढे केला.

इतक्यात भद्रसेन परसदाराने आत आला. त्याने लाकूड हिसकावले नाही की बायकोला दटावले नाही. चंपेला पाठीशी घालून तो उभा राहिला, आणि खाली वाकून तो वाडगा उचलून त्यात उरलेली पेज सगळ्यांदेखत पिऊन टाकली.

"गुरुजी, आता मीही विटाळलो," तो म्हणाला. "भांडं मातीचं, म्हणून ते शुद्ध होत नाही, फोडायचं. हा देहही मातीचाच, हे प्रत्येक श्राद्धाला तुम्ही आम्हाला सांगता. मग माझं काय करता? फोडता?"

सोमदत्त आपले उपरणे सावरू लागला.

उत्पलेचे कान पेटले. नगरातल्या बायकांपुढे! दासीची बाजू! ज्या दिवसासाठी वर्षभर एकभुक्त राहिले, त्या दिवशी! तिने लाकूड चुलीत फेकले, नवऱ्याच्या हातातला वाडगा ओढला आणि जीव खाऊन भिरकावला. तो जात्यावर आदळला. एक कपची उसळून भद्रसेनाच्या भुवईला लागली आणि रक्ताची धार गालावर आली.

उत्पला धापा टाकीत उभी होती. ओरड आता, ती मनात म्हणत होती. एकदा ओरड माझ्यावर. तो ओरडला असता तर ती खरी ठरली असती.

भद्रसेनाने उपरण्याने डोळा पुसला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता.

"उत्पले, त्या म्हातारीची पेज अर्धीच झाली होती. अजून परसदारी बसली आहे. दुसरा वाडगा दे."

"देते! देते, घ्या!"

तिने रांगेतला सगळ्यात देखणा वाडगा उचलला, पेज ओतली आणि पाय आपटीत परसदारी गेली. पेज हातावर सांडली, चटका बसला, त्याचाही राग आला. पिंगा म्हातारी भिंतीशी अंग चोरून बसली होती. आतले सगळे तिने ऐकले होते.

"पी!" उत्पलेने वाडगा उंबऱ्याबाहेर ठेवला.

"नगं माय. माझ्यापायी एक फुटलं."

"पी म्हणते ना!"

म्हातारीने तो वाडगा बाळंतघरातले पोर घ्यावे तसा दोन्ही हातांत घेतला. मग तो तिने छातीशी धरला. पेज पिऊन झाल्यावर तिने आपल्या भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी ओतून तो विसळला, बोटांनी पुसला, पुन्हा विसळला. मग उंबऱ्याजवळ पालथा ठेवून लांब सरकली.

"बघ माय. डाग न्हाई ऱ्हायला."

"बघतेच!" उत्पला म्हणाली. तिने वाडगा उचलला आणि डाग शोधायचाच म्हणून उन्हात धरला. काठ पाहिला, बूड पाहिले, निळी वेल पानापानाने पाहिली. डाग कुठेच नव्हता. आरपार दिसत होती ती तिच्याच बोटांची सावली. तिने टिचकी मारली. पहिल्या दिवशी निघाला होता तोच नाद निघाला.

कपाळाची शीर उडायची थांबली. मग ती उंबऱ्यावर मटकन बसली.

"चंपे," ती म्हणाली, "पेज आण. उपास सोडायचाय."

चंपा पळीत पेज घेऊन आली आणि थबकली.

"अगं, ह्यातच ओत. आणि तुझा हात दाखव. भाजला नाही ना?"

चंपेने मान हलवली आणि ती मुसमुसून रडू लागली. उत्पलेने त्याच वाडग्यातून पेज पिऊन व्रत पुरे केले. काही बायका नाके मुरडीत निघून गेल्या. काही आल्या तशा पाटावर बसल्या आणि पोटभर जेवल्या. संध्याकाळी एकही भांडे फुटले नाही. पुढे त्या घरी ती रोज विसळली जात, आणि त्यांतला एक वाडगा परसदारी असे, येईल त्याच्यासाठी. उत्पलेला पुन्हा राग आला नाही असे नाही. पण भद्रसेनाच्या भुवईवरची खूण दिसली, की फुंकर घातलेल्या दुधासारखा तो खाली बसे.

ही कथा पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी जेतवन विहारात सांगितली, तेव्हा समोर सुभगा नावाची भिक्षुणी बसली होती. नव्याने दीक्षा घेतलेल्या श्रामणेरीने तिच्या मातीच्या भिक्षापात्राला हात लावला, म्हणून रागाने तिने ते पात्र अंगणात आपटले होते. शास्ते म्हणाले, "सुभगे, तेव्हाची उत्पला तू होतीस. चंपा ही श्रामणेरी. तुला चढवून देणारी तुझी सोबतीण तेव्हा सोमदत्त होती. ज्या म्हातारीच्या भिक्षेवर तू रोज जेवतेस, ती पिंगा. आणि भद्रसेन मीच होतो."

सुभगा उठली, श्रामणेरीजवळ गेली आणि दोघींनी मिळून अंगणातल्या खापऱ्या वेचल्या.

कोणाचा राग आपल्या कपाळावर आदळत असतानाही दाराशी कोण भुकेले आहे हे न विसरणे, त्या पारमितेचे, त्या परिपूर्ण गुणाचे, नाव क्षांती.