दिवाणजींचा पहिला खरा प्रश्न

आवडाबाईला गुळाच्या ढेपा होडीने खाडीपलीकडच्या बाजारात न्यायच्या होत्या. परवाना मागायला ती दरबारात आली, तर दिवाणजींनी व्यापारातल्या जोखमीवर लांबलचक व्याख्यान झोडलं आणि वर फर्मावलं, "जोखीम नसलेला एक तरी धंदा सांग, तरच परवाना!"

"सल्ला देण्याचा," आवडाबाई म्हणाली. "होडी पोहोचली तर शहाणे तुम्ही, बुडाली तर मूर्ख मी."

महाराज खो खो हसले. "दिला परवाना! मात्र पहिल्या खेपेला होडीत दिवाणजीही बसतील."

दिवाणजींचा चेहरा खर्रकन उतरला. आवडाबाईजवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "आवडाबाई, होडी कुठे गळत तर नाही ना हो?"

"आत्ता कुठे तुम्ही जोखमीबद्दल बोलायला लागलात, दिवाणजी!"