तीन तुकड्यांचा राजा

एक होता राजा, आणि त्याला दोन हात होते. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं, हात सगळ्यांनाच असतात. असतात, पण या राजाचे वापरातले नव्हते, बरं का.

त्याचं नाव सर्जेराव. त्याच्या राज्यात रीत अशी होती की एका माणसानं एकच काम करायचं. दिवा लावणारा वेगळा, विझवणारा वेगळा. विझवणारा लेकीच्या लग्नाला गेला की दिवे भर उन्हात जळत राहायचे आणि लावणारा शेजारी बसून बघत राहायचा, कारण विझवणं त्याचं काम नव्हे. राजाचं काम हुकूम देणं. त्यासाठी उजवा हात जरा वर उचलावा लागे. डावा नुसताच असे. अंगरखा एक जण घाली, घास दुसरा भरवी, आणि नाकावर माशी बसली तर ती हाकलणारा येईपर्यंत राजा धीरानं वाट पाही. पाय तर जमिनीला लागतच नसत. पालखीतून उतरला की सिंहासन, सिंहासनावरून उतरला की पालखी.

या राजाला एक लहानगी मुलगी होती. नाव बकुळा, पण ते तिच्यापेक्षा लांब होतं, म्हणून सगळे बकू म्हणत. तिची आई देवाघरी गेलेली. तिला सांभाळायची कोंडाई दाई. कोंडाईच्या हातात हिरव्या बांगड्या असायच्या आणि पदराला वेखंडाचा वास. जेवण झालं की ती बकूला खांद्यावर टाकायची, पाठीवर थोपटायची, आणि बकू झोपून जायची.

मग काय झालं, कोंडाईचे गुडघे थकले आणि तिचा मुलगा तिला गावी घेऊन गेला. तेव्हापासून बकूची झोपच उडाली. डोळे चोळायची, रडायची, जरा डुलकी लागली की दचकून उठायची. गाल उतरले, दूधभातही नकोसा झाला. राजाच्या जिवाला घोर लागला. तो दाराशी पालखी थांबवून लांबून बघायचा. तिला उचलून घ्यावं असं त्याला फार वाटे. पण ते दाईचं काम. आणि खरं सांगायचं तर मुलीला नेमकं कुठून धरतात, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

नवी दाई नेमायला कारभारी नरहरपंतांची ना नव्हती. पण आधी जुनी गेली हे दरबारात कळवायला हवं होतं, आणि कळवणारा आजारी होता.

मग राजवैद्य आले. त्यांनी जायफळ उगाळून चाटवलं. बकूला चव आवडली, तिनं आणखी मागितलं. मग गवई आले. त्यांनी असा काही राग आळवला की दासी झोपल्या, पहारेकरी झोपले, पालखीचे भोई उभ्या उभ्या झोपले. बकू तेवढी जागी. मग पुराणिक आले. ते गोष्ट सांगता सांगता स्वतःच घोरायला लागले. असे असतात काही गोष्ट सांगणारे. मी नाही हो त्यातली.

शेवटी पंत म्हणाले की मुलांना खेळणं दिलं की ती गप्प होतात, असं ऐकून आहे. पंतांच्या घरी पाच मुलं होती, पण ती सांभाळणं त्यांचं काम नव्हतं, म्हणून ऐकूनच होते.

मग चितार आळीतून येसू चितारीण आली. ती लाकडाची गमतीची माणसं करायची. एकेका माणसाचे तीन तुकडे असायचे. वर मुंडकं, मध्ये हातांसकट धड, खाली पाय. तिन्हींना आरपार भोक, आणि ते एका खुंटीवर ओवायचे. सगळ्यांचं माप एक, म्हणजे कुणाचंही मुंडकं कुणाच्याही धडावर बसायचं. तिनं बकूला विचारलं, कोण कोण करू? बकू म्हणाली, बाबा आणि कोंडाई. पंतांनी त्यात स्वतःला घातलं. चौथा धावजी भोई, कारण तो दारात उभा होता आणि त्याला कुणी विचारलं नाही.

आता नीट ऐका, घोटाळा इथेच झाला. येसूनं पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं होतं. पंतांनी नाक मुरडलं. राजाची मूर्ती पांगाऱ्याची? मग कोठीतून जुनं मोडकं सिंहासन बाहेर निघालं. खापरपणजोबांच्या वेळचं, शिसवी. पंत म्हणाले, याचीच कर. येसू म्हणाली, लाकूड फार मुरलंय, ऐकायचं नाही. पण सरकारी कामात लाकडाला कोण विचारतो? तिनं बिचारीनं पटाशीला धार लावली, चारी माणसं घडवली, रंगवली, वर लाख चढवून चकचकीत केली.

पण त्या सिंहासनाला एक सवय जडली होती. कितीतरी वर्षं त्यानं एवढंच पाहिलं होतं, की इथे ठरतं ते बाहेर घडतं. मोडलं तरी लाकूड ती सवय विसरलं नव्हतं.

बकूनं खेळणं मांडीवर घेतलं. राजाचे पाय काढले आणि त्याला धावजीचे लावले.

तिकडे दरबार भरला होता. राजा सिंहासनावर बसलेला, तो एकदम उठला. उठला म्हणजे पाय उठले, वरचा राजा त्यांच्यामागून गेला. पोटऱ्या टणक, टाचा भेगाळलेल्या. निघाले ते पालखीच्या चालीनं, हुं हुं करत, थेट बाजारात. लोकांनी राजाला जमिनीवर कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे मुजरा किती वाकून करायचा ते कुणाला कळेना. राजा आधी घाबरला. मग त्याला तळव्यांखाली माती लागली. ऊन ऊन होती. माती ऊन असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगणं कुणाचं काम नव्हतं. त्याला मजा वाटायला लागली. बकूच्या खिडकीखालून तो दौडत गेला, तशी बकू खुदकन हसली. धावजी मात्र राजाचे मऊ पाय घेऊन पालखीपाशी बसून होता आणि आपल्याला कुणी उचलतंय का बघत होता.

मग बकूनं पाय ज्याचे त्याला लावले. भोयांनी राजाला पालखीतून परत दरबारात आणलं, तोवर तिनं राजाच्या धडावर ठेवलं पंतांचं मुंडकं. पंतांच्या धडावर राजाचं.

राजाला वाटलं, आपण खाली खाली चाललोय. पंतांची पाठ जन्मभर वाकून वाकून तशीच राहिली होती. ती सरळ होईना. माणसांचे चेहरे दिसेनात, नुसते जोडे दिसायला लागले. कमरेत अशी कळ आली की राजाला पहिल्यांदा पंतांची दया आली. पंतांना मात्र कुणाची दया आली नाही. राजाच्या अंगासकट ते सिंहासनावर बसले, उजवा हात जरा वर करून पाहिला आणि म्हणाले, "असू द्या महाराज, घाई काय आहे?"

राजाला घाई होती. तो तसाच वाकलेला, पंतांच्या पायांनी तुरुतुरु बकूच्या खोलीत गेला. खेळणं काढून घ्यावं म्हणून हात पुढे केले, तर ते जोडले गेले. पंतांच्या हातांना तेवढंच येत होतं. मग त्यानं मान वर केली, आणि इतक्या जवळून लेकीला पहिल्यांदाच पाहिलं. डोळे लाल झालेले. खालचा ओठ थरथरतोय. पापणी मिटते आणि दचकून उघडते.

खेळण्याचं तो विसरूनच गेला. हळूच म्हणाला, "बकू, झोप का गं येत नाही तुला?"

बकूनं त्याच्याकडे पाहिलं, मग खेळण्याकडे. यावेळी ती उगाच फिरवत नव्हती, बरं का. तिनं राजाचं मुंडकं काढून घेतलं, पंतांचं त्यांच्या धडावर परत ठेवलं, मग राजाच्या मुंडक्यासाठी खाली राजाचे पाय ठेवले, आणि मधे, जीभ बाहेर काढून, अगदी नीट, कोंडाईचं धड ओवलं.

राजाच्या हातात बांगड्या वाजल्या. वेखंडाचा वास आला. ते सुरकुतलेले हात त्याला न विचारता पुढे झाले. एक मानेखाली गेला, दुसरा पाठीखाली, आणि बकू खांद्यावर आली. मग ते थोपटायला लागले. राजा श्वास रोखून बघत राहिला. असं धरतात होय. असं हळू, मग आणखी हळू. बकूची मूठ सैल झाली. डोळे मिटले. राजा तिला घेऊन फेऱ्या घालायला लागला, आणि फेऱ्या घालणारे पाय त्याचेच होते.

तिकडे गावी कोंडाई सुनेजवळ बसून पावटे सोलत होती. तिच्या हातात एकदम अंगठ्या आल्या. त्या हातांना पावटे सोलता येईनात. उजवा तेवढा जरा वर झाला, तशी सून उठली आणि तिनं म्हातारीला न मागता ऊन ऊन भात वाढला. असं त्या घरात पूर्वी झालं नव्हतं.

इकडे पंत, आता आपल्याच अंगात परतलेले, धापा टाकत आले. बघतात तर राजाच्या हातात बांगड्या. त्यांनी कपाळावर हात मारला आणि खेळण्यातला प्रत्येक तुकडा झटपट ज्याच्या त्याच्या जागी बसवला.

बांगड्या गेल्या. वेखंड गेलं. राजाच्या हाती राजाचेच हात आले, बिनवापराचे, आणि त्यांच्यावर झोपलेली बकू. तो जागच्या जागी थबकला. ती घसरतेय असं वाटून त्यानं घट्ट धरलं, तर फारच घट्ट झालं. बकू चुळबुळली. पंत कुजबुजले की महाराज, हे दाईचं काम आहे, खाली ठेवा. राजानं ठेवलं नाही. कोंडाईच्या हातांनी केलेलं आठवत आठवत त्यानं एक थाप मारली. ती चुकीच्या जागी पडली. दुसरी जरा बरी पडली.

बकूनं एक डोळा उघडला. अंगठ्या पाहिल्या. म्हणाली, "कोंडाईचे नाहीत."

"नाहीत," राजा म्हणाला. "माझेच आहेत. चालतील?"

बकूनं विचार केला. "जड आहेत," ती म्हणाली. मग गाल त्याच्या खांद्यावर टेकवला. "पण थोपट."

राजानं थोपटलं. ती झोपली, ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर दूधभात मागतच उठली. तोवर राजाच्या नाकावर माशी बसली, तर त्यानं स्वतःच हाकलली. मग रीत हळूहळू ढिली पडली. दिवे लावणाऱ्यानं एकदा फुंकर मारून पाहिली आणि त्यात विशेष काही नसतं हे त्याला कळलं. पंत पोरांना घेऊन फिरायला जायला लागले. मुलं सांभाळणं फार अवघड असतं असं आता ते पाहून सांगत.

येसूनं बकूला पांगाऱ्याचं नवं खेळणं करून दिलं. त्या लाकडाला कसलीच सवय नव्हती. कुणाचंही मुंडकं कुठंही लावा, कुणाला त्रास नाही. सिंहासनाचं लाकूड उरलं होतं, त्याचा तिनं छानसा पाट केला आणि राजानं तो कोंडाईला पाठवून दिला. कोंडाई त्यावर बसूनच जेवते. सून अजून ऊन भात वाढते. दोघी सुखात आहेत. राजा, बकू, धावजी, येसू, तेही सगळे सुखात आहेत, आणि त्यांच्या राज्यात आता सगळे झोपले आहेत.

जागे आहात ते तुम्हीच. चला, कूस बदला, डोळे मिटा. थोपटून थोपटून माझा हात दुखायला लागला, आणि मला काही दुसरं धड लावता येत नाही.