वारुळातला चोर

माणसाला घर बांधता येत नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका वारुळाच्या दाराशी कडूबाई नावाची वाळवी पहारा द्यायची. वारुळाच्या भोकांतून न दिसणारा कोणीतरी रोज ये-जा करायचा.

"येताना गार, जाताना उबदार! नक्की काहीतरी पळवतोय मेला," ती राणीला म्हणाली.

"आधी काय कमी झालंय ते तर बघ."

पण संशय एकदा मनात शिरला की निघतो कुठे? कडूबाईने सगळी भोकं चिखलाने लिंपून टाकली. संध्याकाळपर्यंत पिल्लं मलूल झाली, राणीला धाप लागली. घाबरून कडूबाईने एक भोक फोडलं. आधी कोंदट वाफ तिच्या तोंडावरून बाहेर गेली, मग गार झुळूक आत आली. पिल्लं हलली.

"काय नेत होता गं तो?" राणीने विचारलं.

कडूबाईने मान खाली घातली. "आपलाच टाकलेला श्वास."