फ्लोटचे वजन

एकदा एक विज्ञानाचा मास्तर शाळा सोडून एका वृद्ध मिस्त्रीकडे यंत्रांचे काम शिकू लागला. गोष्ट जुनी आहे, तपशील थोडे सरकले असतील. त्या दिवशी मिस्त्री ‘सात’ म्हणाला की ‘पाच’, याची पुढे बरीच वर्षे मास्तरलाही खात्री देता येईना. आणि म्हातारा ते खरे बोलला की केवळ धीर देण्यासाठी, ही शंका तर त्याहून मोठी. सात काय, ते ओघात कळेलच.

नदीकाठच्या एका गुऱ्हाळावर फार जुना, पेट्रोलवर चालणारा ट्रॅक्टर होता. त्याचे शेतात जाण्याचे वय सरले होते. जागेवर उभा राहून तो पट्ट्याने उसाचा चरक फिरवी. तिथून तीसेक पावलांवर चुलाण धडधडत असे, वर काहिलीत रस उकळत असे, आणि मधल्या जागेत वाळलेल्या चिपाडांचे ढीग. तिथे अकरा माणसे काम करीत. एके दिवशी त्या ट्रॅक्टरचा कार्बोरेटर गळू लागला आणि मिस्त्रीने प्रथमच मास्तरला एकट्याला पाठवले.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. तीत पोकळ पितळी फ्लोट तरंगतो. पेट्रोल पुरेसे चढले की तो वर येतो आणि सुई ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. फ्लोटला भोक पडले तर आत पेट्रोल शिरते, तो बुडतो, वाट उघडी राहते आणि वाटी भरून वाहू लागते. मास्तरने फ्लोट काढून गरम पाण्यात धरला. एका ठिकाणाहून बारीक बुडबुडे आले. त्याने आतले पेट्रोल काढून, फ्लोट नीट वाळवून त्या भोकावर कथलाचा डाग दिला. पुन्हा पाण्यात धरला. एकही बुडबुडा नाही.

तिथे थांबता आले असते. पण मास्तरची नजर चुलाणाकडे गेली. हा डाग निघाला तर? सांध्यावर ती रेघ कसली? त्याने सांध्यावर आणखी दोन डाग दिले, फ्लोट बसवला आणि ट्रॅक्टर सुरू केला. पाचच मिनिटांत कार्बोरेटरखाली थेंब जमला. दुसरे भोक असणार! त्याने फ्लोट पुन्हा काढला आणि जिथे जिथे संशय आला तिथे आणखी दोन डाग दिले. आता थेंबाची धार झाली.

“व्हय मास्तर,” काहिलीजवळून गुळव्या ओरडला, “सकाळी थेंब हुता, आता धार लागलीया. तुमी दुरुस्त करताय का वाढवताय?”

बाकीचे हसले. मास्तरला हसू आले नाही. त्याने ट्रॅक्टर थांबवला, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला, ओल्या जमिनीवर माती लोटली.

“चुलाण विझवा,” तो म्हणाला.

“काहिलीतला रस काय वतून देऊ? निम्मा शिजलाय. अजून घटकाभर आग लागतीया.”

वारा चुलाणाकडून चिपाडांकडे वाहत होता. मास्तरने मिस्त्रीला निरोप धाडला आणि मातीवर माती टाकत राहिला. दर थोड्या वेळाने तो कॉकला हात लावून पाही. त्या अकरा माणसांपैकी एकाचे जरी बरेवाईट झाले तरी आपण या गावात तोंड दाखवू शकणार नाही, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता.

सायकल टेकवून मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला, “कॉक बंद हाय?”

“आहे. दहा वेळा पाहिला.”

“मग अकराव्यांदा बघू नका. फ्लोट द्या.”

म्हाताऱ्याने फ्लोट तळहातावर झेलून पाहिला. भोक शोधले नाही, गरम पाणी मागितले नाही. “पयला डाग कंचा?” एवढेच विचारले आणि मास्तरने बोट ठेवताच जवळच्या विहिरीच्या काठावर बसून बाकीचे डाग कानशीने घासायला सुरुवात केली. कथलाचा भुगा धोतरावर पडू लागला.

“उस्ताद! हे काय करताय? गळतंय म्हणून बोलावलं तुम्हाला! तिकडे अकरा माणसं आहेत!”

मिस्त्री घासत राहिला. चारही डाग सपाट झाल्यावर त्याने मान वर केली.

“मास्तर, पोरांना काय शिकवत हुता? वस्तू जड झाली की पाण्यात काय हुतंय?”

“जास्त बुडते,” मास्तर म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“तुमचा फ्लोट पुन्हा फुटला नव्हता, दबला हुता. वजनानं वर येईना, म्हणून सुई बंद होईना. तुमी गळती बघून आणखी कथील चढवलं, त्यो आणखी दबला. पयला डाग भोकासाठी हुता. पुढचे चार तुमच्या भीतीसाठी. भोक एका डागात गप बसतंय. भीती नाही बसत, ती आणखी मागती. आणि ते सगळं ओझं उचलायचं कुणी? त्या एवढ्याशा फ्लोटानं.”

“बारा वर्षं प्लवन शिकवलं मी,” मास्तर पुटपुटला.

“माझ्या उस्तादानं माझ्या पयल्या फ्लोटवरचे सात घासले हुते. तुमचे चारच. शिकलेले हाय तुमी.”

आता मिस्त्रीने गरम पाणी मागवले आणि फ्लोट मास्तरच्याच हातात दिला. मास्तरने तो पाण्यात धरला. बुडबुडा एकही आला नाही. फ्लोट बसवला, कॉक उघडला. मास्तरने वाटीखाली बोट धरले आणि शंभर अंक मोजले. बोट कोरडे राहिले. तो पुन्हा वाकू लागला तेव्हा मिस्त्रीने त्याच्या हातात रसाचा पेला दिला. “हात गुंतू दे जरा,” तो म्हणाला.

मिस्त्री वारल्यावर, बऱ्याच वर्षांनी, त्याच्या मुलाने हत्यारांची पेटी मास्तरकडे आणून दिली. तळाशी तेलकट फडक्यात एक जुना पितळी फ्लोट होता. त्यावर कथलाचा एक डाग होता आणि बाकी अंगावर कानशीने घासल्याच्या खुणा. मास्तरने तो खिडकीपाशी उजेडात नेला आणि बोट ठेवून एकेक खूण मोजली. सात होत्या.

पुन्हा मोजाव्यात असे त्याच्या मनात आले. त्याने मोजल्या नाहीत.