डिश आणि करंज

घरांना चाकं फुटली, त्या दिवसांतली गोष्ट. नदीकाठच्या करंजाखाली असंच एक चाकांवरचं घर मुक्कामाला थांबलं. त्याच्या टपावरची टीव्हीची डिश करंजावर खेकसली, “फांदी बाजूला घे! मला उपग्रह दिसत नाही.”

करंज भडकला. “चाकं तुला आहेत, मला मुळं आहेत. पुढे मोकळं माळरान पडलंय, तिकडे जा की!”

“मी नाही हलणार!” डिश अडून बसली.

टीव्हीवर चित्र येईना, तसे घरमालक सरंजामे वैतागले. त्यांनी कुऱ्हाड काढून फांदीच तोडली. चित्र लख्ख आलं.

दुपारी टपाचा पत्रा असा तापला, की आत बसवेना. सरंजामे बायकामुलांना घेऊन पलीकडच्या चिंचेखाली निघाले.

“चित्र आलंय! कुठे चाललात?” डिश संतापून ओरडत राहिली. कुणी मागे वळूनही पाहिलं नाही.