न कापलेली पाने

एकदा एक शिष्य दोन जाडजूड ग्रंथ काखेत मारून आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला. गुरुजींनी उभा जन्म फ्रेंच शिकवण्यात घालवला होता. अलीकडे त्यांची दृष्टी गेली होती.

"गुरुजी, हा फ्रेंच साहित्याचा इतिहास आणि ही समीक्षा," शिष्य म्हणाला. "मूळ कवितांकडे वळण्याआधी यातले कोणते वाचू? काही केल्या ठरत नाही."

असले ग्रंथ त्याने आजवर पुष्कळ पचवले होते. मूळ कविता तेवढी राहिली होती!

गुरुजी चाचपडत स्वयंपाकघरात गेले, भाजी चिरायची सुरी घेऊन आले आणि कपाटातल्या एका पातळ पुस्तकासह ती त्यांनी शिष्याच्या हाती ठेवली. शिष्य गोंधळला. कवितांचे ते फ्रेंच पुस्तक जुन्या पद्धतीचे होते. पाने कडेला जोडलेली, वाचणाऱ्याने कापून घ्यायची. एकही पान कापलेले नव्हते.

"तुमच्याकडचे पुस्तक, आणि न वाचलेले?"

"तू पहिल्यांदा आलास तेव्हा मागवले होते. मी वाचायचे, तू ऐकायचे, म्हणून एकट्याने उघडले नाही. तू म्हणालास, आधी इतिहास होऊ दे. मग म्हणालास, आधी समीक्षा. काखेत कळसा नि गावाला वळसा! तुझी तयारी चालली होती, तोवर माझे डोळे गेले. आता तूच काप, तूच वाच."

शिष्याने पान कापले आणि वाचू लागला. गुरुजींनी लगेच हात वर केला.

"अरे, शेवटचे अक्षर मुके आहे. ते लिहायचे, बोलायचे नाही."

शिष्य पुन्हा चुकला. या कवीवर कोणी कोणते आक्षेप घेतले ते त्याला मुखोद्गत होते, पण ओळ जिभेवर बसेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

"राहू दे. नुसती अक्षरे सांग," गुरुजी म्हणाले.

शिष्य एकेक अक्षर सांगत गेला, गुरुजी मनात जुळवत गेले. मग त्यांनी ती ओळ म्हटली. शिष्याला वाटले होते, कवी इथे थट्टा करतो आहे. ग्रंथांत तसेच लिहिले होते. गुरुजींच्या आवाजात कवी रडत होता.

"पुढची सांग," गुरुजी म्हणाले.

दोन ओळी होईतो दिवेलागण झाली. पुस्तक पातळच होते. तरी ते आता दोघांनी मिळून पुरे व्हायचे नाही, हे दोघांनाही कळले.