कॉलरचा भरवसा

अध्यक्षांच्या कुत्र्याने, ब्रूनोने, झाडूवाल्या गिरिजाबाईंची पोटरी फोडली आणि सोसायटीच्या सभेत चौकशी सुरू झाली ती गिरिजाबाईंचीच.

"बटण दाबलं की त्याच्या गळ्यातली कॉलर विजेचा झटका देते, रिमोट माझ्या हातात असतो. फिरवताना साखळी लागतच नाही!" अध्यक्ष धारवाडकर गरजले. "हिनेच खराटा उगारला असेल. काढून टाका हिला."

ब्रूनो मात्र सभासदांच्या सुरक्षेसाठी खांबाला साखळीने बांधलेला होता. गिरिजाबाई लंगडत त्याच्याजवळ गेल्या.

"साहेब, रिमोट हातात धरा. मी याला सोडते."

त्यांनी साखळीला हात घालताच अध्यक्ष खुर्चीवर चढले. "अगं ए, सोडू नकोस!"

"त्या दिवशी मीही हेच ओरडत होते, साहेब."

गिरिजाबाईंची नोकरी वाचली. इतिवृत्तात नोंद झाली: किरकोळ घटना.